कमी पैशांत महाकाय मगर: आधी शॉट मोजा, मग पटकथा लिहा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. चिपळूणच्या काही मित्रांनी मिळून सुमारे २० लाख रुपये उभे केले आहेत आणि वाशिष्ठी नदीतली एक अवाढव्य मगर माणसे ओढून नेते, अशा कथेवर त्यांना मराठी चित्रपट करायचा आहे. पटकथा तयार असून तिच्यात मगरीचे ९० शॉट आहेत. ही मगर व्हीएफएक्सने, म्हणजे संगणकावर, करावी की बांधून घ्यावी, खऱ्या मगरींचे चित्रण वापरता येईल का, आणि शेवटी तिला मारायचे कसे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मिनिएचर (लहान मापाची मॉडेल), पपेट (हाताने किंवा यंत्राने हलवायच्या बाहुल्या) आणि पुढे व्हीएफएक्स अशा तिन्ही कामांत बरीच वर्षे घालवल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, अशा चित्रपटाची पटकथा प्राण्याचे शॉट ठरल्यावर लिहावी, आधी नव्हे. २० लाखांपैकी ५ लाख मगरीसाठी बाजूला काढले, तर ९० शॉटच्या हिशेबाने एका शॉटच्या वाट्याला साडेपाच हजार रुपये येतात. त्या पैशांत ट्रॅकिंग (कॅमेऱ्याच्या हालचालीशी मगर जुळवणे), ॲनिमेशन, प्रकाशाची जुळणी आणि पाण्याशी होणारा संपर्क यांपैकी एकही काम कोणी मन लावून करणार नाही. तेच शॉट २५ वर आणले, तर प्रत्येकासाठी २० हजार मिळतात आणि मग बोलण्यासारखे काही उरते. या २५ पैकी पूर्ण मगर दिसणारे शॉट चार किंवा पाच असावेत. बाकीच्यांत पाठ, शेपूट, जबडा, डोळे आणि पाण्यावरची रेघ पुरेशी आहे. म्हणून आजची पटकथा बाजूला ठेवा, हे २५ शॉट एका कागदावर काढा आणि ते कुठे खर्च करायचे हे ठरवून गोष्ट पुन्हा रचा.

हा हिशेब मी शोधलेला नाही. १९५५ च्या 'इट केम फ्रॉम बिनीथ द सी' या अमेरिकी चित्रपटात रे हॅरीहाउझेन यांनी स्टॉप मोशनने हलवलेल्या राक्षसी ऑक्टोपसला आठऐवजी सहाच भुजा होत्या, कारण प्रत्येक भुजा फ्रेमागणिक हाताने सरकवावी लागे आणि दोन भुजा कमी केल्याने तेवढा वेळ व पैसा वाचत असे. सगळ्या भुजा एकाच वेळी पाण्याबाहेर येतच नसल्याने प्रेक्षक त्या मोजत बसला नाही. रॉजर कॉर्मन यांनी १९५७ मध्ये सुमारे ७० हजार डॉलरमध्ये 'अटॅक ऑफ द क्रॅब मॉन्स्टर्स' केला. त्यातली युक्ती मला आजही तांत्रिक करामतींपेक्षा मोलाची वाटते. तिथले महाकाय खेकडे ज्या माणसाला खातात त्याची बुद्धी आणि आवाज आपल्यात सामावून घेतात, त्यामुळे रात्री मेलेल्या सहकाऱ्याचा ओळखीचा आवाज हाक मारू लागतो आणि पडद्यावर खेकडा नसतानाही पात्रांसह प्रेक्षक घाबरतो. त्या प्रसंगांचा खर्च एका नटाच्या ध्वनिमुद्रणाइतकाच आहे. शिवाय ज्या बेटावर हे घडते ते बेटच हळूहळू समुद्रात कोसळत जाते, म्हणजे प्राणी विश्रांती घेत असतो तेव्हाही धोका चालूच राहतो. तुमच्या कथेत असे दुसरे, फुकटात मिळणारे संकट कोणते आहे, हे शोधा. माझ्या मते ते नदीतच आहे. त्याबद्दल पुढे लिहितो.

प्राण्याची निवड तुम्ही चांगली केली आहे. मगरीच्या अंगावर केस नसतात, ती स्वभावतःच बहुतांश वेळ पाण्याखाली असते आणि हालचाल न करता पडून राहणे हा तिचा नैसर्गिक गुण आहे, त्यामुळे न हलणारे पपेटसुद्धा खरे वाटू शकते. वाघ किंवा अस्वल निवडले असते तर संगणकावर केस खऱ्यासारखे हलवण्यातच पैसे संपले असते. शिवाय मुळात भीती वाटेल असाच प्राणी घ्यावा लागतो. १९७२ मध्ये 'नाइट ऑफ द लेपस' या चित्रपटात एका मोठ्या स्टुडिओने पाळीव ससे छोट्या सेटवर पळवून, त्यांचे चित्रण संथ गतीने दाखवून माणसे खाणारे ससे उभे केले. तंत्र बऱ्यापैकी होते, पण ससा कितीही मोठा केला तरी ससाच दिसतो.

आता आकार. वाशिष्ठीत, महाडजवळ सावित्रीत आणि सांगलीच्या परिसरात कृष्णेत जी मगर आढळते ती गोड्या पाण्यातली मगर. तिची लांबी साडेचार मीटरच्या पुढे क्वचितच जाते. तुमच्या पटकथेत मगर ३० मीटरची असल्याचे लिहिले आहे, ते कृपया बदला. लांबी दुप्पट केली की वजन आठपट होते, पण हाडांचा छेद चौपटच वाढतो. ३० मीटरच्या मगरीचे वजन तिच्या पायांना पेलवणार नाही, आणि हा हिशेब प्रेक्षकाला माहीत नसला तरी त्याच्या डोळ्यांना खटकतो. व्यवहाराची अडचण याहून मोठी आहे: एवढे जनावर वाशिष्ठीच्या पात्रात लपणार कुठे? ९ मीटर ठेवा. खऱ्या मोठ्या मगरीच्या दुप्पट असल्याने ती अजस्र वाटेल, आणि मगरीचे डोके साधारणपणे एकूण लांबीच्या सातव्या भागाइतके असल्यामुळे तुम्हाला सव्वा मीटरच्या आसपास लांबीचे डोके बांधावे लागेल. ते दोन माणसांना उचलता येते, टेम्पोत बसते आणि नटाच्या शेजारी, त्याच पाण्यात, त्याच उन्हात ठेवता येते.

यावरूनच पहिल्या प्रश्नाचे उत्तर निघते: मगर बांधून घ्या आणि व्हीएफएक्सचे पैसे दोर, बांबू आणि पपेट धरणारी माणसे पुसण्यासाठी राखून ठेवा. संगणकावर मगर उभी करणे आज अवघड राहिलेले नाही. ब्लेंडरसारखे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि ते शिकलेली हुशार मुले जिल्ह्याच्या ठिकाणीही भेटतात. अवघड आहे ते पाणी. कातडीला चिकटून फुटणारे पाणी, मागे सरकणारी लाट, तिच्यात हलणारे झाडाचे प्रतिबिंब आणि माणसाच्या छातीवर उडालेला तोच शिंतोडा हे सर्व जुळवणे मोठ्या स्टुडिओंनाही महाग पडते. खरे डोके खऱ्या पाण्यातून वर आले की हे सगळे आपोआप घडते आणि पुसायला एक बांबू उरतो.

बांधणीसाठी मुंबईच्या महागड्या कार्यशाळांकडे धावण्याची गरज नाही. गणेशोत्सवात हलते देखावे करणारे कारागीर वायपरची मोटर, तरफ आणि सायकलची चेन यांच्या जोरावर जे जबडे, हात आणि माना हलवतात, तेवढी यंत्रणा तुम्हाला पुरे आहे. साच्यासाठी पेणला मूर्तिकामातले अनुभवी हात आहेत. आतला सांगाडा हलक्या ॲल्युमिनियमचा, त्यावर फोम, वर लेटेक्सची कातडी, आणि चित्रणाच्या आधी प्रत्येक वेळी ग्लिसरीन मिसळलेल्या पाण्याचा फवारा. ओल्या कातडीवर प्रकाश चमकतो आणि त्या चमकीत रंगकामातल्या निम्म्या उणिवा झाकल्या जातात. कोरडे लेटेक्स मात्र भर उन्हात रबरी खेळण्यासारखे दिसते. थर्माकोल आतून भरण्याचा मोह टाळा, कारण तो पाण्यात तरंगतो आणि डोके बुडवायला चार माणसे लटकावी लागतात. डोके ज्या तराफ्यावर बसवाल त्याखाली वजने बांधून ते जेमतेम तरंगेल एवढे जड ठेवा, म्हणजे एका माणसाच्या हाताच्या दाबाने ते खाली जाते.

जबड्याबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण बहुतेक पपेट तिथे उघडी पडतात. मगरीचे जबडा मिटवणारे स्नायू प्रचंड ताकदीचे, तर उघडणारे स्नायू इतके दुबळे असतात की मिटलेला जबडा चिकटपट्टीनेही बंद ठेवता येतो. म्हणजे जबडा सावकाश उघडतो आणि क्षणात मिटतो. मोटरवर दोन्ही हालचाली एकाच गतीने होतात आणि मगर दाढा दाखवणाऱ्या बाहुलीसारखी दिसू लागते. त्यासाठी जबडा मोटरने उघडा, वरच्या टोकाला खटक्यात अडकवा आणि मिटण्याचे काम जाड रबरी पट्ट्यांवर सोपवा. अर्थात ज्या शॉटमध्ये नटाचा हात किंवा पाय आत असेल, तिथे रबर काढून टाका आणि जबडा माणसाने हाताने मिटवावा. दात नेहमी मऊ फोमचेच असू द्या.

रात्रीचे डोळे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक. विजेरीच्या झोतात मगरीचे डोळे तांबूस चमकतात, कारण बुबुळामागचा थर प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतो. सायकल आणि ट्रकच्या मागे लावतात त्या परावर्तक पट्टीचे दोन छोटे गोल काळ्या फळीवर लावून फळी पाण्यावर सोडा आणि छोटी विजेरी भिंगाला अगदी लागून धरा. विजेरी हातभर बाजूला गेली तरी चमक नाहीशी होते, म्हणून ती कॅमेऱ्यालाच बांधून टाका. फळीला नायलॉनचा दोर बांधून दुसऱ्या काठावरून ओढली की डोळे सरकतात. फळी पाण्याखाली दाबली की ते विझतात. माझ्या २५ शॉटच्या यादीत असे चार शॉट तरी असते.

संपूर्ण मगर दाखवण्यासाठी चौथ्या हिश्श्याचे, म्हणजे सव्वादोन मीटरचे मॉडेल करा. इथे गती सांभाळणे हेच मुख्य काम आहे. मोठे जनावर हळू हलते, कारण वस्तू पडायला आणि अवयव झुलायला लागणारा वेळ लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे चौथ्या हिश्श्याच्या मॉडेलचे चित्रण नेहमीच्या सेकंदाला २४ फ्रेमच्या दुप्पट, म्हणजे ४८ फ्रेमनी करायचे आणि दाखवायचे २४ नेच; नवव्या हिश्श्याचे ७२ ने आणि सोळाव्याचे ९६ ने. ही सूत्रे मिनिएचरवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांवर असतात. मात्र पाण्याचा थेंब तुमच्या प्रमाणानुसार लहान होत नाही, म्हणून चौथ्या हिश्श्याच्या खाली उतरू नका; सोळाव्या हिश्श्याच्या नदीत दिसणारा थेंब पडद्यावर नारळाएवढा भासतो आणि कितीही फ्रेम वाढवल्या तरी बादलीतले पाणी बादलीतलेच राहते. कॅमेराही त्याच प्रमाणात खाली आणा: माणसाच्या डोळ्याची उंची दीड मीटर धरली तर भिंग पाण्यापासून ३७ ते ३८ सेंटिमीटरवर यावे. बहुतेक फसलेल्या मिनिएचरमध्ये मॉडेल उत्तम असते आणि कॅमेरा उभ्या माणसाच्या छातीपाशी असतो. पुढचे-मागचे सर्व स्पष्ट दिसावे म्हणून ॲपर्चर (भिंगाचे प्रकाश आत सोडणारे छिद्र) ११ किंवा १६ पर्यंत मिटवावे लागेल, शिवाय दुप्पट फ्रेममुळे प्रकाश आणखी निम्मा होईल. म्हणून हे शॉट भर दुपारच्या उन्हात घ्या, दिवे भाड्याने आणू नका.

पपेट पूर्ण आकाराचे असेल तेव्हाही थोडी संथ गती उपयोगी पडते. तुमची मगर खऱ्या मगरीच्या दुप्पट आहे, म्हणून खऱ्या मगरीच्या चित्रणाशी ताडून पाहताना तिची प्रत्येक हालचाल सुमारे दीडपट वेळ घेईल असे ठरवून कारागिरांकडून तालीम करून घ्या. अपवाद फक्त जबड्याच्या झडपेचा.

आता खऱ्या मगरींबद्दल. पन्नाशीच्या दशकातले अमेरिकी निर्माते जिवंत प्राणी सर्रास वापरत. १९५५ च्या 'टॅरेंटुला'मध्ये खऱ्या कोळ्याला हवेच्या झोताने हव्या त्या दिशेला वळवले होते आणि ते दृश्य वाळवंटाच्या चित्रणावर इतके चोख बसवले होते की आजही डोळ्यांत खुपत नाही. उलट १९५७ च्या 'बिगिनिंग ऑफ द एंड'मध्ये बर्ट गॉर्डन यांनी शिकागोच्या इमारतींच्या छायाचित्रांवर जिवंत टोळ सोडले, आणि एके ठिकाणी टोळ इमारतीची कड सोडून सरळ आकाशावर चालत जातो. १९५९ चा 'द किलर श्रूज' तर शिकारी कुत्र्यांना केसाळ झुली पांघरून पार पाडला. आपल्याकडे हा मार्ग बंद आहे आणि तो बंद असणेच योग्य आहे. मगर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला आमिष दाखवणे किंवा हुसकावणेही येते. तेव्हा काठीला कोंबडी बांधून मगर काठावर आणण्याची कल्पना कोणी मांडली, तर ती चर्चा तिथेच थांबवा. ऑस्ट्रेलियातल्या 'ब्लॅक वॉटर' या २००७ च्या कमी खर्चाच्या चित्रपटाने मगरींचे चित्रण नटांपासून वेगळे, दुसऱ्या ठिकाणी केले आणि दोन्ही चित्रे नंतर जोडली. वनविभागाची परवानगी घेऊन दूरच्या भिंगाने तुम्हालाही काठावर पहुडलेल्या मगरी टिपता येतील, पण त्यांचा उपयोग दोन-तीन शॉटपुरताच समजा. पटकथेतला बैल आणि कुत्रा यांसाठी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी चित्रणापूर्वी घ्यावी लागते, आणि तिचे प्रमाणपत्र सेन्सॉरच्या वेळी मागितले जाते. मगर पपेट आहे हे दाखवणारे बांधणीचे फोटो व व्हिडिओही जपून ठेवा; ते कागदपत्रांबरोबर देता येतात आणि पुढे प्रसिद्धीलाही कामी येतात.

चित्रणाचा क्रम उलटा ठेवा: आधी माणसांचे सर्व प्रसंग, मग त्यांचे कच्चे संकलन, आणि त्यात जिथे मगर हवी तिथे साध्या रेखाचित्राचा फ्रेम. संकलकाने तो प्रसंग पुरेसा पाहिला की ध्यानात येते की, चार सेकंद वाटलेला शॉट सव्वा सेकंदाचाच हवा आहे, आणि दोन शॉट मुळीच नकोत. त्यानंतरच पपेट पाण्यात उतरवा आणि नेमके तेवढेच टिपा. यासाठी माणसांच्या चित्रणाच्या वेळी एका माणसाला फक्त नोंदीचे काम द्या: भिंग किती मिलिमीटरचे, कॅमेरा किती उंचीवर, नटापासून किती अंतरावर, सूर्य कोणत्या बाजूला आणि घड्याळात किती वाजले. हे पाच आकडे नसतील तर महिन्याभराने केलेला मगरीचा शॉट त्या प्रसंगात बसणार नाही.

नटांना मगर आधी दाखवा. १९५७ च्या 'द जायंट क्लॉ'मध्ये कलाकारांनी राक्षसी पक्ष्याला घाबरण्याचा अभिनय मनापासून केला, पण तो पक्षी दिसतो कसा हे त्यांना ठाऊक नव्हते. नायक जेफ मॉरो यांनी तो पहिल्यांदा थिएटरात पाहिला, तेव्हा प्रेक्षक हसत होते आणि ते गुपचूप बाहेर पडले. तुमच्याकडे डोके तयार नसेल तर निदान पूर्ण मापाचे चित्र पुठ्ठ्यावर काढून काठावर उभे करा, आणि बांबूच्या टोकाला लाल चेंडू बांधून सर्वांची नजर एकाच उंचीवर राहील याची काळजी घ्या. पाच जण पाच दिशांना बघून किंचाळले की उत्तम पपेटचाही उपयोग राहत नाही.

आवाजासाठी वेगळी रक्कम ठेवा, आणि ती मगरीच्या पैशांतून मुळीच कापू नका. १९५४ च्या 'गोजिरा' या जपानी चित्रपटातल्या राक्षसाची डरकाळी संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी सैल केलेल्या डबल बासच्या तारांवर राळ लावलेला चामड्याचा हातमोजा ओढून मिळवली होती. तुम्ही रेड्याचे हुंकार आणि लाकडी होडी खडकावर घासल्याचा आवाज ध्वनिमुद्रित करा, निम्म्या गतीने वाजवा. सूर एक सप्तक खाली जातो आणि आवाजाला वजन येते. मात्र मगर दर वेळी गुरगुरू नये. ती येण्याआधी बेडूक आणि रातकिडे गप्प होतात, असा एक नियम पटकथेत घालून तो कसोशीने पाळा. दुसऱ्या वेळेनंतर प्रेक्षक शांततेलाच दचकू लागतो.

वर मी फुकटातल्या संकटाचा उल्लेख केला होता. कोयना प्रकल्पाचे वीजनिर्मितीनंतरचे पाणी वाशिष्ठीत सोडले जाते, त्यामुळे पाऊस नसतानाही नदीची पातळी चढते-उतरते, आणि खालच्या भागात भरती-ओहोटीचीही भर पडते. कथेसाठी ही देणगी आहे: पात्रातल्या खडकावर अडकलेली चार माणसे, कोरडे आकाश आणि तासागणिक वर येणारे पाणी. चित्रणासाठी मात्र हाच सर्वांत मोठा धोका आहे. पाणी कधी सुटणार याची चौकशी संबंधित कार्यालयाकडे रोज करा, स्थानिक नावाडी आणि जीवरक्षक जाकिटे यांवर काटकसर करू नका, आणि जनरेटरची केबल पाण्याजवळ नेणे टाळून रात्रीचे दिवे बॅटरीवरच चालवा. आणखी एक सोपी गोष्ट: त्या नदीत खऱ्या मगरी आहेत. नट पाण्यात उतरतात ते शॉट बंदिस्त शेततळ्यात घ्या. काठावर चार झुडपे आणि गढूळ पाणी असले की तळे आणि नदी यांतला फरक कळत नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, मगर मारायची कशी. तुमच्या पटकथेत ती डायनामाइटने उडते. ते काढून टाका, कारण स्फोटकांची परवानगी, तज्ज्ञ माणूस आणि एकदाच वापरता येणारे मॉडेल यांत पाच-सहा शॉटचे पैसे जातील, आणि छोट्या मॉडेलचा स्फोट फटाक्यासारखाच दिसतो. मृत्यू पाण्याखाली होऊ द्या. माणसाचा हात, जाळ्याचा ताणलेला दोर, वरून दिसणारे उकळल्यासारखे पाणी, मग दोर अचानक सैल पडणे आणि नंतर पोट वर करून तरंगणारी मगर, एवढ्यात प्रसंग पुरा होतो. पूर्ण आकाराच्या संपूर्ण मगरीचा हा एकच शॉट तुम्हाला परवडेल, कारण तिला हलायचे नाही: ९ मीटरचे फिकट पिवळसर पोट फोमच्या तक्त्यांवर आडव्या पट्ट्यांनी कोरायचे, खाली ड्रम बांधायचे, आणि पाठ करायचीच नाही.